चर्चमधून चालणारी बेघरांसाठीची रात्रसेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यातल्या बऱ्याच धर्मग्रामांतून (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीतून) आठवड्यातून एखाद-दोन रात्री जेवण, मलमपट्टीचं सामान आणि कागदपत्रांची वही घेऊन माणसं रस्त्यावर जातात. कुठे हे काम विन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संघटनेचा गट करतो, कुठे युवक मंडळ, कुठे चार शेजारणी आणि एक टेम्पोवाला. नव्याने येऊ इच्छिणारे, देणगीदार आणि असा गट आपल्याकडे काढू पाहणारे जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बेघर म्हणजे नेमके कोण? झोपडपट्टीतले लोकही त्यात येतात का?

नाही. ज्यांच्या डोक्यावर कसलंही छप्पर नाही ते. फुटपाथ, उड्डाणपुलाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, फलाट, देवळाचा ओटा, मोठाले सिमेंटचे पाइप अशा ठिकाणी रात्र काढणारे. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशी सुमारे १७.७ लाख माणसं मोजली गेली. ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. त्या रात्री कुणी लग्नाच्या केटरिंगवर भांडी घासत असेल किंवा पोलिसांनी उठवल्यामुळे दुसऱ्या गल्लीत गेला असेल, तर तो सुटला. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा धरूनच चालावं लागतं.

आणि हे सगळे भीक मागत नाहीत. नाक्यावर उभे राहणारे मजूर, हमाल, केटरिंगचे वाढपी, भंगार वेचणारे, फुगे विकणारी कुटुंबं, घरच्यांनी बाहेर काढलेले म्हातारे अशी सगळी माणसं त्यांत असतात. पुष्कळ जण रोज कमावतात. त्या कमाईत भाड्याची खोली बसत नाही आणि डिपॉझिट तर नाहीच नाही.

जेवणाच्या बदल्यात प्रार्थनेला बसावं लागतं का? धर्म बदलायला सांगता का?

नाही. रांगेत प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, डब्यावर क्रूस नाही, नाव लिहिताना धर्माचा रकाना नाही. उपाशी माणूस ‘हो’ म्हणतो ते भुकेपोटी. त्या ‘हो’ला श्रद्धा समजणं हा त्याचाही अपमान आहे आणि श्रद्धेचाही. कुणी आपणहून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणालं, तर स्वयंसेवक तिथेच हळू आवाजात करतात आणि पुढे जातात. गटाची स्वतःची प्रार्थना चर्चमध्येच, निघण्याआधी होते. मदतीला हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारीही येतात. त्यांना त्या प्रार्थनेला थांबायची सक्ती नाही.

आमच्या धर्मग्रामात सुरू करायचं आहे. पहिल्या दिवशी किती जणांचं जेवण करू?

एकाचंही नको. पहिले चार आठवडे रिकाम्या हाताने जा.

रात्री साडेदहा ते बारा ही वेळ घ्या. दिवसा बसलेला माणूस बेघर आहे की गिऱ्हाइकाची वाट पाहणारा फेरीवाला, हे कळत नाही. अंथरूण पसरल्यावर कळतं. तीन-तीन जणांचे गट करून एकच दीड-दोन किलोमीटरचा पट्टा चाला आणि वहीत लिहा : कुठे, किती जण, बायका-मुलं आहेत का, पाणी कुठून भरतात, संडासाला कुठे जातात, कुणाला उठता येत नाही. ‘नमस्कार काका, आम्ही इथल्या चर्चमधले’ एवढंच बोला. चौथ्या आठवड्यात लोक स्वतःच सांगतात की मंगळवारी अमुक मंडळ वडापाव वाटतं, शुक्रवारी दर्ग्यात जेवण असतं, आणि रविवारी रात्री कुणीच येत नाही. मग तुमची रात्र रविवार.

ही पाहणी न करता जेवण काढलं की हमखास दोन गोष्टी होतात. एकाच फुटपाथवर एका रात्री तीन गट पोहोचतात आणि अन्न गटारात जातं. शिवाय हात-पाय धड असलेले गाडीजवळ आधी येतात, अंथरुणाला खिळलेल्याला काही मिळत नाही. वही असली की जेवण घेऊन जायचं ते आधी त्याच्यापाशी.

एकदा रात्र ठरली की चुकवू नका. दर रविवारी ४० ताटं नेणारा गट महिन्यातून एकदा ३०० ताटं वाटणाऱ्या गटापेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे. कारण औषध, कागदपत्रं, घरी परत जाणं हे पुढचं सगळं काम ओळखीवर चालतं, आणि ओळख ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच चेहऱ्यांमुळे होते.

साठ जणांसाठी काय शिजवायचं आणि किती?

मऊ मूगडाळ खिचडी आणि उकडलेलं अंडं. तांदूळ ५ किलो, मूगडाळ अडीच किलो, दुधी-बटाटा-गाजर मिळून ३ किलो, तेल पाऊण लिटर, पाणी २५ ते २७ लिटर, हळद, जिरं, आलं आणि मीठ पाव किलोपासून सुरू करून चाखत वाढवायचं. माणशी साधारण ६०० ग्रॅम खिचडी होते. एरवीपेक्षा ही बरीच जास्त वाटेल, पण अनेकांचं ते दिवसातलं पहिलं आणि शेवटचं जेवण असतं. न खाणाऱ्यांसाठी अंड्याऐवजी केळं ठेवा.

बिर्याणी का नको, हे देणगीदार नेहमी विचारतात. दात पडलेले असतात, हाडं चावता येत नाहीत, आणि दिवसभर रिकाम्या पोटावर तिखट-तेलकट गेलं की रात्री जुलाब. संडास रात्री बंद असतो, किंवा त्याचे पैसे पडतात. नाताळला गोड द्यायचं असेल तर तांदळाची खीर द्या, म्हाताऱ्यांनाही जाते.

अन्न आंबण्याची तक्रार का येते?

नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं : संध्याकाळी पाचला शिजवून, गरमच झाकण लावून, रात्री अकराला वाटणं. भात-डाळ कोमट राहिली की त्यात जंतू वाढतात, वास यायच्या आधीच. नियम साधा ठेवा. चुलीवरून साडेनऊला उतरवायचं, इन्सुलेटेड डब्यात उकळतं भरायचं, शेवटचं ताट साडेअकरापर्यंत संपवायचं. अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. काट्याचा अन्न-थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो एक घेऊन ठेवाच. वाटून उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करून द्यायचं नाही. बारशाचं, लग्नाचं उरलेलं जेवण कुणी रात्री उशिरा आणून दिलं, तर ते कधी शिजलं हे विचारा. उत्तर अडखळलं तर नम्रपणे नको म्हणा.

पातळ प्लास्टिकच्या पिशवीत खिचडी बांधू नका. राज्यात २०१८ पासून थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर बंदी आहे. पत्रावळ, द्रोण, नाहीतर लोकांचा स्वतःचा डबा. सोबत दोन रिकामी पोती न्या आणि निघताना पत्रावळी उचलून आणा. सकाळी सफाई कामगाराला घाण दिसली, तर उठवलं जातं ते तिथे झोपणाऱ्यांना, तुम्हाला नाही.

जुने कपडे देऊ का?

धुतलेले, बटणं असलेले, अंगावर घालण्यासारखे असतील तर आणि मागितले तरच. साड्या-सूट येऊन पडतात आणि रस्त्यावर ते ठेवायला जागा नसते. खरी गरज याची असते : नवी अंतर्वस्त्रं, ७ ते ९ नंबरच्या रबरी चपला, पातळ चादर, सॅनिटरी पॅड, अंगाचा साबण, डासांचं मलम, आणि मेच्या अखेरीस ताडपत्री. ताडपत्री जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाटली तर तोवर अंथरूण भिजलेलं असतं. मुंबईत जाड ब्लँकेटं ओझं होतात, पुणे-नाशिकच्या डिसेंबरात मात्र तीच हवीत.

पैसे का देत नाही?

हातात रोख देत नाही, पण तिकीट काढून देतो, औषध घेऊन देतो, केसपेपर काढतो. रोख दिल्याचं कळलं की त्याच रात्री ते पैसे त्याच्याकडून काढून घेतले जाण्याचा धोका असतो. वाटण्यातून भांडणंही होतात.

पायाला जखम असेल तर आम्ही काय करायचं?

सामान : हातमोज्यांच्या दहा जोड्या, १०० मिलि सलाइनच्या सहा बाटल्या, निर्जंतुक गॉझ, रोलर बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, कचऱ्याची वेगळी पिशवी.

आधी विचारा, ‘बाबा, बघू का?’ नको म्हणाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. हो म्हणाले तर हातमोजे घालून खाली बसा, म्हणजे त्यांची नजर तुमच्या बरोबरीला येते. जखमेवर गुंडाळलेलं फडकं ओढू नका, ते मांसाला चिकटलेलं असतं. त्यावर सलाइन ओता, पाच-सात मिनिटं थांबा, पुन्हा ओता, आणि कडेकडून सोडवत या. मग जखम आतून बाहेर धुवा, कडेला आयोडीन, वर गॉझ, वर बँडेज. बँडेजखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. घट्ट पट्टीने सूज आलेल्या पायाचं रक्त अडतं.

हळद, चुना, तंबाखू, पेट्रोल, फिनाईल यांतलं काहीही घालू नका आणि कुणी घातलेलं असेल तर ओरडू नका, धुऊन काढा. अळ्या दिसल्या तर चिमट्याने उकरायला जाऊ नका, तो दवाखान्याचा मामला. कातडी काळी पडलेली, सडका वास, हाड दिसतंय, ताप, किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढत चाललेली, यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन. मधुमेहात दुखत नाही म्हणून माणूस ‘काही नाही’ म्हणतो. न दुखणारी मोठी जखम जास्त धोक्याची असते.

रुग्णालयात ‘नातेवाईक कोण’ विचारतात. काय सांगायचं?

खरं तेच. ‘नातेवाईक नाही, सोबत आलो आहे.’ आपलं नाव, मोबाईल द्या, पण नातेवाईक म्हणून सही करू नका. तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे वाद घालायला वापरू नका, स्वतःला धीर यावा म्हणून लक्षात ठेवा. वाद घालण्यापेक्षा वैद्यकीय समाजसेवकांचं कार्यालय शोधा. शुल्कमाफी, औषधं, पुढची व्यवस्था त्यांच्या टेबलावरून होते आणि बेघर रुग्णाचे खरे वकील तेच असतात.

गडबड होते ती घरी सोडताना. ‘घरी’ म्हणजे परत त्याच फुटपाथवर, आणि फाइल पहिल्या पावसात विरघळते. डिस्चार्ज कागदाचा फोटो काढून ठेवा, मूळ कागद झिप पिशवीत घालून द्या, पुढची तारीख वहीत लिहा. क्षयरोगाच्या औषधांत खंड पडला तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून क्षयरुग्णाकडे ठरल्या रात्रीखेरीज मधल्या दिवशीही एक फेरी ठेवा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. खातं नसेल तर ते आधी उघडून घ्या.

पण खात्याला आधार लागतं, आधारला पत्ता लागतो. मग?

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि इथेच माणसाचं आयुष्य खरोखर हलतं.

पहिला प्रश्न : ‘आधी कधी बोटं दिली होती का?’ बहुतेकांनी गावाला किंवा एखाद्या शिबिरात कधीतरी नोंदणी केलेली असते आणि कार्ड हरवलेलं असतं. अशा माणसाची नव्याने नोंदणी केली की ती दुबार म्हणून फेटाळली जाते, महिना वाया जातो, आणि त्याला वाटतं सरकार आपल्याला मोजतच नाही. तेव्हा आधी आधार सेवा केंद्रात नेऊन बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक शोधा. गवंडीकाम, भांडी घासणं यांनी ठसे झिजलेले असतात. तेव्हा डोळ्याच्या बुबुळांवरून पाहायला सांगा. आपण सांगितलं नाही तर गर्दीत ते राहून जातं.

नोंदणी नसेलच, तर आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षक सही करू शकतात. फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर यायला हवा. प्रमाणपत्र दिल्यापासून तीन महिनेच चालतं, म्हणून केंद्राची वेळ आधी घ्या आणि सही नंतर. चर्चचा पत्ता सरसकट सगळ्यांना देऊ नका. एका पत्त्यावर पन्नास माणसं दिसली की पुढे सगळ्यांचंच अडतं.

मतदार यादीत नाव मात्र पत्त्याच्या पुराव्याशिवायही लागतं. नमुना ६ भरायचा आणि झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन माणूस तिथे खरंच झोपतो का हे पाहतात, एकापेक्षा जास्त रात्री. त्या दिवसांत जागा बदलू नका, हे अर्जदाराला आवर्जून सांगा.

रात्रनिवारे आहेत, मग लोक तिथे का जात नाहीत?

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार आणि केंद्राच्या योजनेनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा एक निवारा असायला हवा, माणशी किमान ५० चौरस फूट जागेसह. प्रत्यक्षात तेवढे नाहीत. असलेले बरेचदा कामाच्या नाक्यापासून लांब असतात, आणि पहाटे चारला बाजारात हमालीला जाणाऱ्याला लांब झोपून चालत नाही. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा निवारा म्हटलं की नवरा-बायको-मुलं फुटपाथच पसंत करतात. हातगाडी, भंगाराचं पोतं, पाळलेलं कुत्रं आत घेत नाहीत. ‘आळशी आहेत, नियम नकोत’ हे कारण शेवटून पहिलं आहे. नेण्याआधी निवाऱ्यात स्वतः जाऊन या, आणि पहिल्या रात्री सोबत जा.

चर्चचा हॉल रात्री उघडावा का? पावसाळ्यात हा विचार प्रत्येक गटात येतो आणि तो चांगलाच आहे. पण रात्रभर जागे राहणारे दोघं, बायकांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली, वीस माणसांमागे किमान दोन संडास आणि सकाळी सातला मिस्साला (उपासनेला) येणाऱ्यांसाठी जागा मोकळी करायची पद्धत, एवढं जमत असेल तरच. दोन रात्री उघडून तिसऱ्या रात्री बंद करणं सगळ्यात वाईट.

कुणी स्वतःशी बडबडतं, जवळ येऊ देत नाही. जबरदस्तीने न्यायचं का?

नाही. जवळ पाण्याची बाटली ठेवा, दोन हात अंतरावर बसा, निघा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल किंवा धोक्यात असेल, तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, आणि कोठडीत ठेवायचं नसतं. ठाण्यात जाताना कलमाचा क्रमांक अर्जावर लिहा. सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने कर्जतला वर्षानुवर्षं केलं आहे, त्याबद्दल त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेला मुलगा बारा-पंधरा वर्षांनी घरी परतू शकतो, हे अशा कामामुळे माहीत झालं आहे.

एकटं मूल दिसलं तर?

१०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. घरी नेऊ नका, चर्चमध्ये ठेवू नका, ओळखीच्या आश्रमात परस्पर देऊ नका. बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत कळवणं आणि मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेणं बंधनकारक आहे. पोलीस किंवा संबंधित माणूस येईपर्यंत मुलाजवळ दोघांनी थांबायचं, त्यांतली एक बाई असावी.

फोटो काढता येतील का? देणगीदार मागतात.

भांड्यांचे काढा, खिचडीचे काढा. माणसांचे नाही. घरच्यांना ‘मुंबईत वॉचमन आहे’ सांगून पैसे पाठवणाऱ्या माणसाचा पत्रावळीसकट फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला तर त्याचं काय होईल, एवढं देणगीदाराला सांगितलं की तो समजतो.

पोलीस अडवतात का?

सुरुवातीलाच ठाण्यात धर्मग्रामाच्या लेटरहेडवर पत्र द्या : कोणती रात्र, कोणता पट्टा, किती जण, दोन मोबाईल क्रमांक. पोच घ्या. भीक मागणं गुन्हा ठरवणारा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ महाराष्ट्रात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली ती दिल्लीपुरती. त्यामुळे धरपकडीत नाका-कामगारही उचलले जातात. अशा वेळी त्याचं नाव, काम आणि मुकादमाचा फोन वहीत असणं फार मोलाचं ठरतं.

प्यायलेल्या माणसाला जेवण द्यायचं का?

द्यायचं. भांडत असेल तर सगळ्यात शेवटी, बाजूला बसवून. ‘आजपासून सोड’ असा सल्ला मात्र देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सोडायची इच्छा दिसली तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या.

आम्ही कॅनडात आणि आखातात राहतो. पैसे पाठवू शकतो का?

वसईकरांकडून हा प्रश्न दर नाताळला येतो. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पासपोर्ट कॅनडाचा असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी ती विदेशी देणगी आहे. एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टला ती घेता येत नाही, मामाच्या खात्यातून फिरवूनही नाही. तुमच्या इथल्या भारतीय नागरिक असलेल्या भावाबहिणीने स्वतःचे दिलेले चालतात. देणगीवरची ८०जी प्राप्तिकर सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख देऊ नका.

ओळखीचा माणूस रस्त्यावरच वारला तर गट काय करतो?

११२ ला कळवायचं, मृतदेह हलवायचा नाही. पोलीस पंचनामा करतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, नातेवाइकांचा शोध घेतला जातो. इथे वहीतली पानं उघडावी लागतात : खरं नाव, गाव, तालुका, भावाचं नाव, त्याने कधी सहज सांगितलेली शाळा. तेवढ्यावरून त्या गावच्या पोलीस पाटलांपर्यंत फोन जाऊ शकतो. म्हणूनच नाव-गाव पहिल्या भेटीत नाही, पण पाचव्या-सहाव्या भेटीत तरी विचारून ठेवायचं. कुणीच मिळालं नाही तर पोलिसांच्या परवानगीने अंत्यविधी करता येतो. तो त्याच्या धर्माच्या रीतीने, ख्रिस्ती होता हे नक्की माहीत असेल तरच आपल्या दफनभूमीत. फुटपाथवरच्या त्याच्या शेजाऱ्यांना सांगा आणि यायचं असेल तर गाडीत जागा ठेवा.

रात्री जमत नाही, आठवड्यातून दोनच तास आहेत. काही करता येईल?

सकाळी सव्वासातला महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभं राहायला माणूस लागतो. बेघर रुग्ण पहाटेपासून रांगेत थांबला तर त्याची मजुरी बुडते, आणि एकटा असला की नुसत्या कपड्यांकडे बघून मागे ढकलला जातो. आधारकार्ड, पाण्याची बाटली आणि दहा रुपयांच्या चार नोटा सोबत आणा. नाव, वॉर्ड आणि डॉक्टरांची वेळ आदल्या रात्री कळवली जाईल.